उपाशीपोटी

डॉक्टरांनी आधी मुलीला विचारलं, मग तिच्या आईला, आणि मग बाकावर बसलेल्या आजीकडे वळून तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. पोरीनं शेवटचं काय खाल्लं, आणि किती वाजता? तिघींचं उत्तर एकच होतं. काल रात्री आठला अर्धी भाकरी आणि आमटी, तीही उलटून पडली, त्यानंतर काही नाही. डॉक्टरांनी प्रत्येकीचं उत्तर कागदावर वेगवेगळं लिहिलं, जणू ती तीन वेगळी उत्तरं होती. राजनंदिनीचं अपेंडिक्स काढणारा तरुण सर्जन हसून म्हणाला की सर नेहमी असंच करतात, बेशुद्ध करण्याआधी घरातल्या मांजरालासुद्धा विचारतील. मुलीची आई संयोगिता हसली नाही. दुसऱ्या प्रश्नालाच तिनं मान वर करून आवाजाकडे पाहिलं होतं. समोरच्या माणसाचे केस पांढरे होते, भुवया पांढऱ्या होत्या, पाठीला पोक आलं होतं. चेहरा पाहून तिला काही आठवलं नसतं. पण 'सांगा की' म्हणताना शेवटचा की किंचित लांबवणारा, कर्नाटकाच्या हद्दीवरच्या गावातला तो आवाज तिनं तेरा वर्षं अंगात बाळगला होता. तिनं मान खाली घातली आणि फरशीच्या सांध्यांकडे पाहत राहिली. डॉक्टर कागद घेऊन आत गेले. सांगलीतलं ते दहा खाटांचं हॉस्पिटल सकाळच्या उन्हात नेहमीसारखं चाललं होतं, खालच्या रस्त्यावर रिक्षांचे भोंगे वाजत होते, आणि सासूबाई साळूबाई पदरानं वारा घेत नातीला सांगत होत्या की भ्यायचं न्हाई, डोळं मिटायचं आन् देवाचं नाव घ्यायचं.

डॉक्टरांनी ओळखलं नव्हतं. ओळखायचं कारणही नव्हतं. तेव्हा ती बावीस वर्षांची होती, कायम कुणाच्या तरी मागे उभी असायची, आणि त्यांनी तिच्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. तिचा पहिला मुलगा शंभूराज जन्मला तेव्हा नर्सनं त्याला दुपट्यात नाकापर्यंत गुंडाळून दिला होता. दुपटं तिनंच खाली ओढलं. वरचा ओठ नाकापर्यंत उघडा होता आणि आत टाळूच्या जागी काळोख होता. साळूबाई त्या दिवशी म्हणाल्या होत्या की पोटुशी असताना गिरानात विळी हातात धरली असशील. दुसऱ्या दिवशी मात्र वाटी-चमचा घेऊन त्याच बाजेवर येऊन बसल्या. पोराला अंगावर ओढता यायचं नाही. दूध पिळून वाटीत काढायचं, त्याला मांडीवर ताठ बसवायचं, चमचा गालाच्या आतल्या बाजूला टेकवून थेंब सोडायचा आणि थांबायचं. घाई केली की दूध नाकातून बाहेर यायचं आणि तो निळा पडायचा. एका पाजण्याला तास लागायचा, आणि दोन तासांनी पुन्हा तेच. नवरा जयराज सेलमला गलाईच्या दुकानात सोनं वितळवायचा. तो आठ दिवसांसाठी आला, पोराला मांडीवर घेऊन बसला, आणि गेला. विट्याजवळच्या त्या घरात दोघी बायका आणि ते पोर राहिले. साळूबाई त्याला कडेवर घेऊन गल्लीतून जाताना त्याच्या तोंडावर पदर ओढायच्या आणि घरी आल्यावर त्याच उघड्या ओठाचे मुके घ्यायच्या. संयोगिता त्या दिवसांत माणूस उरली नव्हती. ती एक हात होती, वाटीतून तोंडापर्यंत जाणारा.

मिरजेला दर वर्षी माघात शिबिर भरायचं. मुंबईचे आणि परदेशातले डॉक्टर आठवडाभर यायचे आणि फाटलेल्या ओठाची, टाळूची पोरं फुकट शिवून द्यायचे. पहिल्या वर्षी शंभूला त्यांनी काट्यावर ठेवलं आणि परत पाठवलं. वजन भरत नव्हतं. पुढच्या वर्षी आणा, पण अंगावर मांस येऊ द्या, असं त्यांनी सांगितलं. मग ते वर्ष वजनाचं झालं. नाचणीची पेज, मुगाचं पाणी, दुधात भिजवलेली बिस्किटं. दर सोमवारी ती त्याला रेशन दुकानाच्या काट्यावर न्यायची, आणि शंभर ग्रॅम वाढले की येताना तिची चाल बदललेली असायची. तो बोलायला लागला तेव्हा तिच्या लक्षात आलं की बाबा म्हणायला, मामा म्हणायला, पाणी म्हणायला ओठ मिटावे लागतात आणि त्याचे मिटत नाहीत. आई म्हणायला मात्र ओठ लागत नाहीत. तो एवढा एकच शब्द त्याला स्वच्छ म्हणता यायचा, आणि तो दिवसभर तेवढाच म्हणायचा.

दुसऱ्या वर्षी तो चौदा महिन्यांचा होता आणि साडेसात किलो भरला. शिबिराच्या हॉलमध्ये सतरंज्या टाकल्या होत्या आणि सगळीकडे तशीच पोरं. पहिल्यांदा तिथं कुणी कुणाच्या तोंडावर पदर ओढत नव्हतं. शेजारच्या सतरंजीवर जतकडची भामाबाई नातीला घेऊन बसली होती. ती म्हणाली, माज्या एकलीचीच अशी हाय असं वाटायचं बगा. एक गोरी नर्स साबणाचे फुगे सोडत होती आणि पोरं ते पकडायला धावत होती. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टर उगारे आले. ते मिरजेचेच, शिबिरात आपला वेळ देऊन पोरांना भूल देणारे. एक भुवई तेव्हाच पांढरी झाली होती. घरातली मोठी म्हणून ते साळूबाईंपुढे उकिडवे बसले आणि सावकाश सांगितलं की रात्री दोननंतर दूध नाही, खाणं नाही. पोटात काही असलं तर भूल देताना ते वर येतं आणि श्वासात जातं, समजलं का आजी? आजी समजलं म्हणाल्या. संयोगिता मागे शंभूला खांद्यावर घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती बारावी शिकलेली होती. आपल्या कानावर आलं नव्हतं, असं तिला नंतर स्वतःशीसुद्धा कधी म्हणता आलं नाही.

त्याचा नंबर तिसरा होता, साडेआठचा. तो पहाटे पाचपासून रडत होता. पहिल्या पोराचं ऑपरेशन लांबलं, मग कसलंसं यंत्र बिघडलं, नऊ वाजले. त्याचं रडणं नाकातून यायचं, शिट्टीसारखं, आणि त्यात मधेमधे आई असायचं. आजूबाजूच्या बायका बघत होत्या. साळूबाई खाली नळावर हातपाय धुवायला गेल्या. संयोगिता त्याला घेऊन मागच्या जिन्यात गेली, शांत जागा म्हणून. पिशवीत ऑपरेशन झाल्यावर लागेल म्हणून दुधाचा डबा, वाटी-चमचा, बिस्किटं होती. चौदा महिने तिच्या हातानं एकच काम केलं होतं आणि आता त्याच हातानं त्याला नुसतं थोपटायचं होतं. दोन चमचे, एवढंच, असं तिनं ठरवलं. मग दोनाचे सहा झाले. दोन बिस्किटं दुधात विरघळून संपली. त्यानं रडणं थांबवलं, ओली पापणी वर केली आणि तिच्याकडे बघून आई म्हणाला, आणि तिला इतकं बरं वाटलं की जिन्याच्या पायरीवर बसून ती थोडी रडली. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि वाटी धुऊन पिशवीत ठेवली. साडेअकराला हाक आली. दारात हिरव्या कपड्यांतले डॉक्टर उगारे यादी घेऊन उभे होते. त्यांनी साळूबाईंना विचारलं की आजी, रात्रीपासून काही दिलं नाही ना, सांगा की. साळूबाई म्हणाल्या, पान्याचा थेंब सुदिक न्हाई. त्यांना जेवढं माहीत होतं तेवढं खरंच होतं. संयोगिताच्या मनात त्या वेळी दोनच गोष्टी आल्या. आपण बोललो तर नंबर जाईल, आणि शिबिराचे तीनच दिवस उरलेत, म्हणजे पुन्हा एक वर्ष, पुन्हा काटा. आणि दुसरं, अडीच तास होत आले, जिरलं असेल. तिनं शंभूला त्यांच्या हातात दिलं. तो तिच्याकडे वळून हात पसरत होता.

तीन दिवस तो यंत्रावर होता. तिसऱ्या दिवशी दुपारी गेला. ओठ तसाच होता, कुणी त्याला हात लावायच्या आधीच सगळं घडलं होतं. डॉक्टर उगारे बाहेर येऊन म्हणाले की नळीतून बिस्किटाचा लगदा निघाला, पोटात अन्न होतं. साळूबाईंनी कुळस्वामीची आण घेतली. जयराजचे चुलते नानासो गावाकडून दोन जीप भरून माणसं घेऊन आले, काचेचं दार फुटलं, डॉक्टरांची कॉलर धरली गेली, आणि पेपरात आलं की बालकाच्या मृत्यूनंतर डॉक्टरांनी आईबापांवरच ढकललं. चौकशी बसली. डॉक्टरांनी तिथंही तेच सांगितलं आणि साळूबाईंनी तिथंही तेच सांगितलं, आणि बारीक तोंडाच्या, लुगड्याच्या पदरानं डोळे पुसणाऱ्या त्या बाईवर कुणाचा विश्वास बसला नसता? संयोगिताला कुणी काही विचारलं नाही. ती कोपऱ्यात भिंतीला टेकून होती, आणि सगळे म्हणत होते की तिला सोडा, तिचं पोर गेलंय. शिबिर एक दिवस आधीच आवरलं. पुन्हा ते मिरजेला कधी भरलं नाही. भामाबाई नातीला घेऊन त्याच दुपारी एस.टी.ला गेली, जाताना संयोगिताच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली की तुज्यापुढं आमचं काय बाई, आमी फुडच्या वर्षी यिऊ. त्या नातीचं नाव संयोगिताला माहीत नव्हतं. आता ती सोळा-सतरा वर्षांची असेल. बाजारात, बसमध्ये, बँकेच्या रांगेत कुणी पोरगी नाकातून बोलली की संयोगिताची मान आपोआप दुसरीकडे वळायची.

आणि आता नर्स बाहेर आली, चाकाची खाट दारात लावली आणि आत कुणाला तरी मोठ्यानं म्हणाली की उगारे सर तयार आहेत, पेशंट घ्या.

साळूबाईंचा पदर हलायचा थांबला. त्यांनी नर्सला ते नाव पुन्हा विचारलं. मग उठल्या आणि खाटेचा दांडा दोन्ही हातांनी धरला. "पोरीला खाली उतरीव," त्या संयोगिताला म्हणाल्या. "मिरजंला न्हिऊ. कुटंबी न्हिऊ. ह्याच्या हातात न्हाई."

सर्जन आला. त्यानं समजावलं की अपेंडिक्स फुटायच्या बेतात आहे, हलवण्यात वेळ गेला तर पोटभर पू होईल. साळूबाई दांडा सोडेनात. राजनंदिनी खाटेवर रडायला लागली. डॉक्टर उगारे दारात येऊन उभे राहिले होते. त्यांनी साळूबाईंकडे पाहिलं, मग पहिल्यांदा संयोगिताकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही, फक्त हातातला कागद त्यांनी दुमडला. ते हळू आवाजात सर्जनला म्हणाले की यांची हरकत असेल तर दुसऱ्या कुणाला बोलावू, पण आज मोकळा असलेला माणूस इस्लामपुराहून येईल, तासाभराच्या वर लागेल. साळूबाई त्यांच्याकडे न बघता बोलत होत्या. तेरा वर्षं रोज दिवा लावताना त्या देवापुढे या माणसाचं नाव घ्यायच्या आणि त्याचं वाटोळं मागायच्या. आता ते सगळं त्याच लयीत, त्याच शब्दांत बाहेर येत होतं, आणि बाकावरची माणसं उठून उभी राहिली होती. संयोगिताला वाटलं की आपण फार उंचावरून हे बघतोय आणि खाली एका खाटेवर तिची पोरगी पोट धरून वाकडी होतेय. काहीही ठरवलं नव्हतं. तोंड उघडलं तेव्हा तिला फक्त एवढंच कळत होतं की तासभर हातात नाही.

"आत्या, त्या दिवशी मी दिलं होतं."

"काय?"

"बिस्किट. दुधातनं. शंभूला. तुम्ही नळावर गेला होता तेव्हा."

साळूबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. बहिऱ्या माणसानं बघावं तसं, ओठांकडे. दांड्यावरचे हात सुटले. त्या मागे सरकत बाकापर्यंत गेल्या आणि बसल्या. नर्सनं खाट आत ढकलली. डॉक्टर उगारे तिच्यामागून जाताना थांबले, राजनंदिनीच्या कपाळावर हात ठेवला आणि तिला चौथ्यांदा विचारलं की बाळ, तू खरंच काही खाल्लं नाहीस ना? ती नाही म्हणाली. दार बंद झालं.

मग पाऊण तास. बाकाच्या एका टोकाला साळूबाई, दुसऱ्या टोकाला ती, मधे राजनंदिनीच्या चपला आणि शाळेचं स्वेटर. संयोगिताला वाटलं होतं की बोलल्यावर काहीतरी हलकं होईल. सगळ्या माणसांना वाटतं म्हणे तसं. हलकं काही झालं नाही. उलट एक नवी भीती वर आली. आपण त्या डॉक्टरसमोर सांगितलं, आणि सांगितल्या क्षणी आपलं दुसरं मूल त्याच्या हातात दिलं. आत टेबलावर ती डोळे मिटून पडली असेल. तो तिच्या उशाशी उभा असेल. त्याच्या हातात नळी असेल, आणि डोक्यात तेरा वर्षं. फुटलेली काच, कॉलर, पेपर. कुणाला कळणार? कोण विचारणार? असले विचार आपल्या डोक्यात येतात याची तिला शिसारी आली, आणि तरी ते येत राहिले, कारण तिनं त्या माणसाला जे केलं होतं ते तिनं शांतपणे केलं होतं, भिंतीला टेकून, आणि शांतपणे केलेलं कुणीही करू शकतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं?

दार उघडलं. सर्जन म्हणाला की वेळेत आलात, पोरगी ठीक आहे, शुद्धीवर येतेय. तो पुढे गेला. डॉक्टर उगारे मागून टोपी काढत आले आणि तिच्यापुढे उभे राहिले. ते आता म्हातारे दिसत होते. ती उठली. काय म्हणायचं असतं ते तिला माहीत होतं, पण तो शब्द इतका लहान होता की तो उच्चारायची तिला लाज वाटली.

"किती वाजता दिलं होतंत?" त्यांनी विचारलं.

"नऊ वाजून दहा मिनिटांनी."

"किती?"

"दोन बिस्किटं. अर्धी वाटी दूध."

ते मनात काही मोजत होते. मग म्हणाले की आपण पुढे पाच वर्षांखालच्या पोरांच्या केसेस घेणं सोडलं. कुठं चुकलं ते कळत नव्हतं, लगदा दिसला होता पण आजी खोटं बोलत नव्हत्या हेही दिसत होतं, आणि दोन्ही एकदम खरं कसं असेल हे कोडं सुटलं नाही. त्यांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर तिला उभं राहायला काहीतरी मिळालं असतं. ते म्हणाले, "मी आजींनाच विचारलं. पोर तुमच्या कडेवर होतं. तुम्हाला विचारायला हवं होतं."

ही वाट तिला दिसली. म्हातारा माणूस आपल्या वाट्याचं उचलून तिच्यासाठी जागा करून देत होता. तिनं पाऊल उचललं असतं तर तो बाजूला झाला असता.

"विचारलं असतं तरी मी नाहीच म्हणाले असते," ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. मग राजनंदिनीला केव्हापासून पाणी द्यायचं, किती द्यायचं ते सांगितलं, नीट ऐकलं ना म्हणून तिच्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं, आणि जिना उतरून गेले. त्यांना दुपारी आणखी एक केस होती.

नातीला जाग आल्यावर साळूबाई संध्याकाळपर्यंत तिच्या पायावरून हात फिरवत बसल्या. वॉर्डातले दिवे लागले तेव्हा त्यांनी सवयीनं हात जोडले, आणि मग जोडलेले हात तसेच मांडीवर ठेवून त्या संयोगिताकडे वळल्या. पोराचं काही म्हणाल्या नाहीत. दुधाचं, बिस्किटाचं काही म्हणाल्या नाहीत.

"तेरा वर्सं मी त्या मानसाला रोज तळतळाट दिला," त्या म्हणाल्या. "तू स्वयपाकघरात असायचीस. ऐकत व्हतीस."

"व्हय."

"रोज ऐकत व्हतीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी साळूबाई खाली फाटकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. डॉक्टर दहाला आले. वरच्या खिडकीतून संयोगिताला दोघं दिसत होती, ऐकू काही येत नव्हतं. म्हातारी पाया पडेल असं तिला वाटलं होतं. ती पडली नाही. ती तोंडावर पदर धरून बराच वेळ बोलली. डॉक्टर हातातली बॅग खाली ठेवून ऐकत राहिले, मग काहीतरी म्हणाले, बॅग उचलली आणि आत आले. साळूबाई वर आल्या नाहीत. रिक्षा करून स्टँडवर गेल्या आणि तिथून विट्याची गाडी धरली. आपली पिशवी त्यांनी सकाळीच बरोबर घेतली होती, हे संयोगिताच्या नंतर लक्षात आलं.

पोरीच्या शाळेसाठी तिघी सांगलीत राहायला आल्या होत्या, पण त्या आता गावीच असतात, एकट्या. नातीला बोलावतात, सुट्टीला ती जाते, येताना शेंगा आणि तुपाची बरणी घेऊन येते. संयोगिता दिवाळीला गेली होती. साळूबाईंनी तिला ये म्हटलं, बसायला दिलं, पण तिनं केलेला चहा घेतला नाही, आणि दुपारी स्वतःची भाकरी वेगळी थापली. जयराजला त्यांनी काही सांगितलेलं नाही. ते आपण सांगायचं आहे, हे संयोगिताला कळतं. सेलमहून रविवारी त्याचा फोन येतो. पोरीचे टाके, शाळा, दुकान असं सगळं बोलून झाल्यावर तो विचारतो की आई सांगली सोडून गेली ती गेलीच, तुमचं काही झालं का? खिडकीतून कृष्णेकडचा वारा येत असतो, राजनंदिनी आतल्या खोलीत कविता पाठ करत असते. पहिल्या रविवारी संयोगितानं सांगायला म्हणून श्वास घेतला होता.

"काही नाही हो," या रविवारी ती म्हणाली. "त्यांना गावाकडंच करमतं."

तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही.